उभ्या गाडीची बॅटरी

निवृत्त झालो त्या वर्षी मी हायब्रिड गाडी घेतली. जबलपुरात अधारतालच्या सरकारी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं, शहराच्याच गोरखपूर भागातल्या घरून रोज स्कूटरवर गेलो आणि आलो. मध्ये काही वर्षं एक जुनी छोटी गाडी होती, पण नवी कोरी कधी घेतली नव्हती. बायको म्हणाली, "आता नाही घ्यायची तर केव्हा घेता?" हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाने फोनवर समजावलं, "पापा, हायब्रिडच घ्या. पेट्रोल भी है, बैटरी भी है, टेंशन ही नहीं." त्याला मराठी सगळी कळते, पण बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्याला हिंदीत शिरतो.

पहिलं वर्ष आम्ही खूप फिरलो. बायकोचं माहेर नागपूरचं. सिवनीकडचा रस्ता चांगला झाल्यापासून सकाळचा चहा घेऊन निघालं की जेवायला नागपूर. तिथे तिची आई एकटी राहायची. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या, आणि बसचं तर नावच नको. गाडी घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा तिला आम्ही गावात एक चक्कर मारून आणली. सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला आली. ती नुसती टेकली, वळली आणि एकेक पाय आत घेतला.

"हे बरं आहे, जावईबापू," ती म्हणाली. "गुडघे वाकवायचं कामच नाही. यात बसून मी जबलपूरले येऊ शकते."

तिला ग्वारीघाटावर नर्मदेत पाय बुडवायचे होते. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी ती महिनाभर आमच्याकडे राहून गेली होती, पण ते दिवस बाळंतिणीच्या खोलीतच गेले. नर्मदेच्या गावात मुलगी दिली आणि नर्मदा पाहिली नाही, असं ती प्रत्येक भेटीत एकदा तरी बोलून दाखवायची. पाऊस सरला की तिला घेऊन यायचं आणि हिवाळाभर ठेवून घ्यायचं, असं आमचं ठरलं.

पाऊस सरायच्या आधीच माझ्या डोळ्यांचं निघालं.

अधारतालच्या मुख्य रस्त्यावर एक बाई भाजीची पिशवी घेऊन कडेला उभी होती. माझ्या गाडीचा डावा आरसा तिच्या कोपराला लागला आणि ती खाली बसली. मी उतरलो. लोक जमले. कोणीतरी म्हणालं, "दिखता नहीं है क्या, अंकल?" मी माफी मागितली, तिला दवाखान्यात नेलं. कोपर खरचटलं होतं, हाड शाबूत होतं. तिला घरी सोडलं. पण त्या माणसाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ती बाई मला खरोखर दिसलीच नव्हती. उजेड होता, रस्ता मोकळा होता, आणि ती तिथे नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी एकटाच गेलो. त्यांनी एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली आणि हातात एक बटण दिलं. आत कुठेही दिवा चमकला की दाबायचं. मी दाबत गेलो. मनात म्हणत होतो की दिवे फार थोडे लागून राहिले, यंत्र बिघडलेलं असेल. कागद बाहेर आला तेव्हा त्याचा बराचसा भाग काळा होता.

डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान होते. माझ्याकडे न पाहता कागदाकडे पाहत बोलले. "मास्टर जी, काला मोतिया है. बायीं आँख लगभग जा चुकी है. दायीं में बीच का बचा है. दवा डालते रहिए, जो है वो कुछ साल रुक जाएगा. जो गया, वो किसी ऑपरेशन से नहीं आएगा." मग विचारलं, "गाड़ी चलाते हैं?"

"हाँ."

"आज से बंद."

दवाखान्यापर्यंत मी गाडीनेच गेलो होतो. तीच गाडी हळूहळू चालवत घरी आणली. दर दहा हातांवर मान डावीकडे वळवून पाहत होतो. त्यानंतर मी कधी गाडी चालवली नाही.

घरी आलो तर बायको पोर्चमध्ये मेथी निवडत बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"मोतिया आहे म्हणाले."

हिंदीत मोतिया म्हणजे आपला मोतीबिंदू आणि काला मोतिया म्हणजे काचबिंदू. मी एक शब्द गिळला. गिळायचा असं ठरवून घरात शिरलो नव्हतो. तिच्याकडे पाहिलं, आणि तो तोंडातून निघालाच नाही.

तिचा चेहरा मोकळा झाला. "मग इतकं तोंड पाडून काहून आले? माझ्या काकाचे दोन्ही डोळे झाले. पिकला की काढतात, दुसऱ्या दिवशी माणूस घरी. केव्हा करू म्हणाले?"

"अजून पिकला नाही. वेळ आहे."

"तोवर गाडीला हात नका लावू."

"नाही लावत," मी म्हणालो.

डोळ्यांत घालायचे थेंब मी कोरडेपणासाठी आहेत असं सांगितलं. तिने त्यावर काही विचारलं नाही. पस्तीस वर्षं पोरांना मी सांगत आलो होतो की एक पायरी गाळली की पुढचं सगळं गणित चुकतं. इथे स्वतःच एक पायरी गाळली, आणि पुढची प्रत्येक पायरी मला खोटी मांडावी लागली.

दीड-दोन महिने गाडी पोर्चमध्ये उभीच राहिली. एक दिवस बायको गाडीत राहिलेली शाल काढायला गेली तर किल्लीचं बटण दाबूनही दार उघडेना. मी आतल्या साध्या किल्लीने दार उघडलं. स्टार्टचं बटण दाबलं तर एकही दिवा लागला नाही. ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. तो पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने डिकीतली चटई उचलून एक साधी लहान बॅटरी दाखवली. म्हणाला, "सर, लोग समझते हैं हायब्रिड में इतनी बड़ी बैटरी है तो कैसे बैठेगी. पर बड़ी वाली को जगाती यही है, बारह वोल्ट की. खड़ी गाड़ी में अलार्म-वलार्म इसको खाते रहते हैं. हफ्ते में एक दिन घंटा भर चला लिया करो, बस."

चालवणं तर बंद होतं. दोन-तीन रविवार मी गाडी पोर्चमध्येच चालू करून आत बसून पाहिलं. मधूनच इंजिन आपोआप सुरू व्हायचं. त्याचा आवाज आला की बायको हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "गल्लीच्या टोकापर्यंत तरी न्या नं, एवढं तर दिसते तुम्हाला." एकदा तर ती चपला घालून शेजारच्या सीटवर येऊन बसली. मी पोट दुखतंय म्हणून सांगून उतरलो.

मग त्याच मेकॅनिककडून ट्रिकल चार्जर मागवला. वीट बसेल एवढा लोखंडी डबा, एका बाजूने घरच्या प्लगला लावायची वायर, दुसऱ्या बाजूने दोन वायरी आणि त्यांच्या टोकांना दातेरी चिमटे, एक लाल आणि एक काळा. त्यातून बॅटरीत थोडी थोडी वीज शिरत राहते. डिकी उघडी राहिली की आतला छोटा दिवा जळत राहतो आणि तोही बॅटरी खातो, म्हणून मेकॅनिकने तो दिवाही काढून टाकला. जाताना त्याने बजावलं, "लाल प्लस पर, काला माइनस पर. ये सस्ता वाला है, उल्टा लगाओगे तो संभालेगा नहीं."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवणानंतर मी डिकी उघडायचो, चिमटे लावायचो आणि प्लग सुरू करायचो. डबा बारीक गुणगुणायला लागायचा. संध्याकाळी दिव्याबत्तीच्या वेळेला काढून घ्यायचो. बायकोला हे फार आवडायचं. ती आईला फोनवर सांगायची, "गाडी एकदम तयार ठेवून राहिले. डोळा झाला की दुसऱ्या दिवशी निघतो."

सासूबाई मग फोन माझ्याकडे द्यायला लावायच्या. "काय जावईबापू, पिकला का डोळा?"

"नाही अजून."

"पिकू द्या आरामात. मी कुठे पळून चालली?"

हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दुसरा पावसाळा आला. त्या पावसाळ्यात बायकोने एकदा विचारलं, "दोन-तीन दिवसांपुरता ड्रायव्हर पाहू का? आईला आणून घेऊ. डोळ्याचं होत राहील मागून."

तेव्हा हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. कोणतं खोटं उघडं पडणार नव्हतं. पण दुसरा कोणी माझ्या जागेवर बसेल आणि मी मागे बसेन, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हणालो, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. परक्या माणसाच्या हातात नवी गाडी काहून द्यायची? मीच आणीन त्यांना."

"चलो, ठीक आहे," ती म्हणाली. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता.

संक्रांतीनंतरच्या थंडीत सासूबाईंना न्यूमोनिया झाला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात भरती केलं आणि आम्हाला फोन केला. आम्ही मिळेल त्या रेल्वेने निघालो. आम्ही नागपूरला पोचलो तोपर्यंत त्या गेल्या होत्या.

तेराव्यानंतर परतताना बायको रेल्वेच्या खिडकीशी बसली होती. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने म्हणाली, "तुमचा डोळा लवकर पिकला असता तर आईची नर्मदा झाली असती. पण त्याला तुम्ही तरी काय करणार?"

माझ्या आयुष्यात कोणी मला इतकं लागेल असं बोललेलं नाही, आणि ती तर माझी समजूत काढत होती. सांगायचं असतं तर तेव्हा सांगायला हवं होतं. डब्यात समोर एक कुटुंब डबे उघडून जेवत होतं. मी त्यांच्याकडे पाहत बसलो.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी पुन्हा चार्जर लावला. आता कोणाला आणायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. पण लावला नाही तर ती विचारेल काहून नाही लावला, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. डिकीत वाकलो की कधीकधी रडू यायचं. तिथे कोणाला दिसत नसे, म्हणून मी चिमटे लावून झाल्यावरही थोडा वेळ तसाच वाकून राहायचो.

नजर उतरत चालली होती. मधला जो तुकडा उरला होता त्यातले रंगही विटत गेले. अंधाऱ्या डिकीत लाल आणि काळा चिमटा मला सारखेच दिसू लागले. म्हणून मी लाल चिमट्याला एक रबरबँड गुंडाळून ठेवला होता. बोटाला रबर लागला की तो लाल.

मे महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही चिमट्यांवर रबर लागला नाही. जबलपूरच्या उन्हाळ्यात रबर वाळून तुटला असणार. मी दोन्ही चिमटे घेऊन पोर्चच्या कडेला उन्हात आलो. उजव्या डोळ्यासमोर एकेक धरून पाहिला. दोन्ही राखाडी. बायको आत भांडी लावत होती, आवाज येत होता. एक हाक मारली असती तर ती येऊन सांगून गेली असती. मी हाक मारली नाही. लाल वायर डब्याच्या डाव्या अंगाने निघते हे मला आठवत होतं, त्यावरून मी ठरवलं. सकाळी पोर्च धुताना बायकोने डबा उचलून उलटा ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं.

पहिला चिमटा लागला. दुसरा टेकवला तसा फट आवाज होऊन ठिणगी उडाली आणि चिमट्याचे दात तसेच रुतून बसले. वायर तापली. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मी वायर मुठीत धरून ओढली तेव्हा तिचं वितळलेलं आवरण माझ्या तळव्याला चिकटलं.

बायको धावत आली. तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मला नळाशी नेलं, पाण्याची धार सोडली. हात पाण्याखाली असतानाच तिने विचारलं, "उलटे कसे लावले?"

"चुकलं."

ती डिकीकडे गेली, तुटलेल्या वायरींसकट दोन्ही चिमटे घेऊन आली आणि माझ्यासमोर धरले. "यातला लाल कोणता?"

मी अंदाजाने बोट दाखवलं.

तिने हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला. "आता?"

मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"मी अदलाबदल केली होती. दोन्ही वेळा तुम्ही काळा दाखवला," ती म्हणाली. मग नळ बंद करून पायरीवर माझ्या शेजारी बसली. "मोतीबिंदूत रंग असे जात नाहीत. काका शेवटपर्यंत रंग सांगायचा. काय आहे हे?"

मी सांगितलं. काला मोतिया. डावा गेलेला आहे, उजवा जाईल. ऑपरेशन नाही.

"केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. ती ओरडली नाही, रडलीही नाही. उठली, आतून मलम आणून माझ्या हाताला लावलं, पट्टी बांधली. रात्री रोजच्यासारखी ताटं वाढली.

त्या आठवड्यात ती माझ्यासोबत डॉक्टरकडे आली. तिला सगळं स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. डॉक्टरांनी तेच सांगितलं. परतताना ई-रिक्षात ती माझं कोपर धरून बसली होती. रिक्षा गोरखपूरच्या बाजारात अडकली तेव्हा ती बोलली.

"मी ड्रायव्हरचं विचारलं होतं."

"हो."

"आई मागच्या सीटवर बसली असती. सकाळी निघालो असतो तर जेवायला इथे." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "दोन हिवाळे होते तिच्याजवळ. तुमच्या डोळ्याचं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? तुम्हाला टाकून गेली असती?"

मला माफ कर, असं म्हणणंसुद्धा मला तिच्याकडे काहीतरी मागितल्यासारखं वाटलं. कोपर मात्र तिने सोडलं नाही, कारण उतरताना मला पायरी दिसत नव्हती.

मेकॅनिक येऊन पाहून गेला. चार्जर जळला होता. "बैटरी को कुछ नहीं हुआ सर, एकदम चंगी है," तो म्हणाला. पुढच्या महिन्यात आम्ही गाडी विकली. शहपुऱ्याचा एक धान्याचा व्यापारी घेऊन गेला. बटण दाबताच पहिल्या फटक्यात सगळे दिवे लागले, आणि त्याने खूश होऊन मला सांगितलं की इतके दिवस उभी असून गाडी फार चांगली ठेवली आहे. बायको तेव्हा दारात उभी होती. ती वळून आत गेली.

पावसाळ्यात ती आईचं घर रिकामं करायला एकटीच नागपूरला गेली. मी येतो म्हणालो, तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ." रागाने नाही म्हणाली. पंधरा दिवसांचं जेवण शेजारच्या ताईंकडे सांगून ठेवलं, औषधाच्या बाटल्या ओळीने लावून कोणती कधी घालायची ते मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. बाहेर रिक्षा आली तशी पिशवी उचलून निघाली. मी फाटकापर्यंत गेलो. ती कोणत्या बाजूला वळली ते मला कळलं नाही.

तिथून रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवलात का, थेंब घातले का, दार लावलं का. मी हो म्हणायचो. ती म्हणायची, "ठेवते मग." एकदा मी विचारलं की घरात काय काय निघालं. ती म्हणाली, "काही नाही. आईने जबलपूरला न्यायची एक पिशवी भरून ठेवलेली होती, कोपऱ्यात." आणि फोन ठेवला.

सोळाव्या दिवशी ती परत आली. ती पिशवी तिने कपाटात वर ठेवली. तिच्यात काय आहे ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आम्ही एका घरात राहतो, ती माझं सगळं करते, वेळच्या वेळी. पूर्वी ती दिवसभर माझ्याशी बोलत असायची. दूधवाल्याचं, शेजारच्यांचं, भाजीच्या भावाचं. आता कामापुरतं बोलते. मला दिसेनासं झालं आहे आणि घरात आवाजही कमी झाला आहे. ती कुठल्या खोलीत आहे ते मला पुष्कळदा कळत नाही.